साबण खाणारे पाणी

वर्धा शहरात बदली होऊन आलेल्या माणसाच्या घरी पहिल्या महिन्यात दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. एक अशी की, वरण एकजीव होत नाही. डाळ वेगळी आणि पाणी वेगळे. दुसरी अशी की, पंधरा दिवस पुरणारी साबणाची वडी आठ दिवसांतच संपते. मग शेजारच्या बाई सांगतात, "अहो, हे बोअरचं पाणी आहे, जड आहे. डाळीसाठी नळ येतो तेव्हाचं पाणी वेगळं भरून ठेवत जा." या एका वाक्यात पुष्कळ रसायनशास्त्र भरलेले आहे. तेच आज जरा उलगडून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे शहरातल्या बऱ्याच घरांत तोटी एकच दिसली तरी पाणी दोन वंशांचे असते. नगरपरिषदेचे पाणी धाम नदीचे. महाकाळीच्या धरणातून ते नदीत सोडतात आणि येळाकेळी व पवनार येथे उचलून, गाळून, शहरात आणतात. हे पाणी काही चोवीस तास येत नाही. उरलेल्या वेळी गच्चीवरची टाकी भरते ती अंगणातल्या बोअरने, आणि मोरीतल्या तोटीला या दोन्हींतला फरक कळत नाही. साबणाला मात्र तो लगेच कळतो. नदीचे पाणी बहुतांशी पावसाचे आणि वाहते, म्हणून सहसा हलके. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे खडकात मुरलेले, म्हणून जड.

खडकात मुरल्याने ते जड का व्हावे? आपला वर्धा जिल्हा बहुतेक सगळा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार झाले, त्यातलाच हा खडक. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही मूलद्रव्ये आहेत. त्या खडकाची झीज होऊन आपली काळी कपाशीची माती झाली. ही माती जरा खोल खणली की पांढरे खडे लागतात, त्यांना आपण चुनखडी म्हणतो. आता पाऊस पडतो तो जवळजवळ निव्वळ पाणीच असतो. पण जमिनीत शिरताना मुळांच्या आणि सूक्ष्म जिवांच्या श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आंबट होते. इतके किंचित की जिभेला कळू नये. पण चुनखडी विरघळवायला तेवढा आंबटपणा पुरतो. विरघळलेला हा क्षार म्हणजे कॅल्शियम बायकार्बोनेट. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखे स्वच्छच राहते.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटले आहे, म्हणजे ज्यात फेस नीट येत नाही ते. आणि हलक्याला सुफेन. आपण बोलताना जड म्हणतो. हा जडपणा वजनाचा नव्हे. जड पाण्याचा लिटर आणि हलक्या पाण्याचा लिटर तराजूत घातला तर फरक ग्रॅमाच्याही अंशाचा पडेल. खारे पाणी ही आणखी निराळी गोष्ट. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठाने जो खारपाणपट्टा आहे, तिथे पाण्यात मिठाच्या जातीचे क्षार असतात आणि ते जिभेला लगेच जाणवतात. जड पाणी खारट लागेलच असे नाही. कित्येकांना तर तेच गोड लागते.

जडपणा मोजतात तो एका लिटरात किती मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार आहे यावरून. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो २०० पर्यंत असावा. दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ३०० चे पाणी धरू.

आता साबणाकडे येऊ. साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचा आणि सोडियमचा संयोग. तो पाण्यात विरघळतो, मळाला धरतो आणि मळासकट निघून जातो. पण पाण्यात कॅल्शियम असले की साबणातले तेलाम्ल सोडियमला सोडून कॅल्शियमला जाऊन चिकटते. त्यातून होतो तो चुन्याचा साबण. हा विरघळत नाही, याला फेस नाही आणि मळ काढण्याचा गुणही नाही. बादलीत वर तरंगणारी ती करडी साय, मोरीच्या फरशीवरचा बुळबुळीत थर, न्हाल्यावरही केसांना राहिलेला चिकटपणा, हे सगळे तेच. फेस येतो तो पाण्यातले सगळे कॅल्शियम साबण खाऊन संपल्यावर. तोवर घातलेला साबण वाया.

किती वाया? कागदावर मांडून पाहा. २० लिटरची बादली, ३०० चा जडपणा; म्हणजे बादलीत सहा ग्रॅम चुनखडीइतका क्षार. एक ग्रॅम चुनखडी सुमारे सहा ग्रॅम शुद्ध साबण निकामी करते. तेव्हा त्या बादलीतले सगळे पाणी फेसाळायचे म्हटले तर छत्तीस ग्रॅम साबण नुसता पाण्याला खाऊ घालावा लागेल. दीडशे ग्रॅमची वडी असेल तर जवळजवळ पाव वडी! आणि अजून एका कपड्यालाही धुणे लागलेले नाही. बाजारच्या वडीत ओल आणि भर असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच लागेल. शहाणी गृहिणी बादलीत साबण विरघळवत नाही, ओल्या कपड्यावर घासते, म्हणून नुकसान एवढे होत नाही. पण खळबळताना कपड्यातला साबण आणि बादलीतले कॅल्शियम यांची गाठ पडतेच, आणि चुन्याचा साबण कापडाच्या धाग्यांत बसतो. पांढरे कापड हळूहळू करडे होते, टॉवेल खरखरीत होतो. मग ती बिचारी आणखी घासते. घरात साबण कोण जास्त वापरतो यावरून जी बोलणी होतात, त्यांतली निम्मी तरी खरे म्हणजे विहिरीला ऐकवायला हवीत.

येथे सोड्याची आठवण करावीशी वाटते. धुण्याचा सोडा हा सोडियम कार्बोनेट. तो पाण्यात टाकला की कॅल्शियमचा साका होऊन तळाशी बसतो आणि साबणाला मोकळे रान मिळते. आपल्या त्या २० लिटरच्या बादलीला कोरडा, भुकटीसारखा सोडा साडेसहा ग्रॅम पुरतो. खडेदार असेल तर सतरा-अठरा ग्रॅम, कारण खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते. म्हणजे छत्तीस ग्रॅम साबणाचे काम थोडक्या आणि पुष्कळ स्वस्त सोड्याने होते. सोडा आधी घालावा, ढवळावे, अर्धा तास थांबावे, वरचे निवळ पाणी घ्यावे आणि साबण मागाहून लावावा. आधी साबण आणि मग सोडा असे केले तर उपयोग थोडा, कारण साका व्हायचा तो होऊन गेलेला असतो. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नये, आणि हे पाणी पिण्याच्या भांड्यात जाऊ देऊ नये.

हल्ली कपड्यांना पावडर वापरतात. तिला आपण साबणाची पावडर म्हणतो, पण ती साबण नव्हे. गुजरातमध्ये १९६९ साली निरमा निघाली आणि अशी स्वस्त पावडर गावोगाव पोचली. या पावडरीतले द्रव्य कॅल्शियमशी असा साका करत नाही, शिवाय तिच्यात सोडा मिसळलेलाच असतो, म्हणून ती जड पाण्यातही फेसाळते. त्यामुळे जडपणाचे दुखणे लपले, गेले नाही. अंघोळीच्या साबणाला ते अजून तसेच भोवते.

आपल्याकडे त्याहून जुनी तोड आहे, ती रिठ्याची. रिठ्यातले फेस आणणारे द्रव्य कॅल्शियमला बधत नाही, त्यामुळे बोअरच्या पाण्यातही रिठ्याचा फेस टिकतो. गांधीजी १९३६ साली आपल्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. ग्रामोद्योग संघ त्याआधी १९३४ मध्येच वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाला होता. पांढरी खादी रोज धुणारी घरे ज्या मुलखात, त्याच मुलखात पांढऱ्याचे करडे करणारे विहिरीचे पाणी असावे, ही गंमतच म्हणायची. ज्यांच्या केसांना अंघोळीचा साबण सोसत नाही त्यांनी एकदा रिठा आणि शिकेकाई करून पाहावी. दोष बहुधा केसांचा नसतो.

आता डाळ. जड पाण्यात ती का शिजत नाही, याचे उत्तर कोहळ्याचा पेठा करणाऱ्याला विचारा. कोहळ्याच्या फोडी पाकात विरघळू नयेत, कडक राहाव्यात म्हणून तो त्या आधी चुन्याच्या निवळीत भिजत घालतो. फळात, शेंगेत, दाण्यात पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. शिजवणे म्हणजे हा चिकटा सैल करणे. पण चुन्यातले कॅल्शियम त्यात शिरून टाके घालते आणि तो घट्ट बसतो. पेठ्याला जे मुद्दाम करतात तेच आपल्या तुरीच्या डाळीला विहीर न सांगता करते. चूल दुप्पट वेळ जळते, तरी दाणा दाताखाली येतोच. कुकर आल्यापासून हा त्रास कमी झाला, कारण त्यात उष्णता चढती मिळते. मात्र एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात आणि गॅसचे सिलिंडर चार दिवस आधी संपते.

चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ मऊ होते खरी, पण त्याने डाळीतले ब जीवनसत्त्व पुष्कळसे नष्ट होते. ज्या घरात मुलांची भिस्त वरणभातावर आहे तिथे हा सौदा महागाचा. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी: रात्री गंजभर पाणी दहा-पंधरा मिनिटे चांगले खळखळ उकळावे, झाकून ठेवावे आणि सकाळी तळ न हलवता वरचे ओतून घ्यावे. डाळ त्यातच भिजवावी आणि त्यातच शिजवावी. चिंच डाळ शिजल्यावरच घालावी. आंबटानेही दाणा कडक राहतो, हे आपल्या आजींना रसायनशास्त्रावाचून ठाऊक होते.

उकळल्याने फरक पडतो तो का, हे शिक्षकमित्रांना वर्गात सांगण्याजोगे आहे. ज्या वायूच्या जोरावर चुनखडी पाण्यात विरघळली होती तो वायू उकळीबरोबर उडून जातो आणि चुनखडी पुन्हा चुनखडी होऊन तळाला बसते. गंजाच्या बुडाशी पांढरा थर दिसतो तो हाच. हा झाला तात्पुरता जडपणा. पण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सल्फेट किंवा क्लोराइड असेल तर कितीही उकळा, ते जात नाही. तो कायमचा जडपणा. त्यावर धुण्यापुरता सोडा हाच घरगुती इलाज. तुरटी फिरवल्याने जडपणा जातो असा पुष्कळांचा समज आहे. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेल्या चुन्याला हात लावत नाही. कापडाने गाळूनही तो जात नाही. आणि ब्लीचिंग पावडरमुळे पाणी जड झाले अशी जी तक्रार ग्रामपंचायतीत येते तिच्यातही अर्थ नाही; वास येत असेल तो तिचा, फेस गेला तो खडकामुळे.

बुडाशी बसणारा हा थर उष्णता फार मंद वाहून नेतो. ॲल्युमिनियमच्या मानाने जवळजवळ शंभराव्या हिश्शाने. पाणी तापवण्याच्या तांब्याच्या बंबात तो जाड झाला की लाकडाची आच पाण्यात न जाता धुराड्यातून निघून जाते. विजेच्या कांबीचे गणित जरा वेगळे. तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे वीजबिल फारसे वाढत नाही. पण थराखाली कांब स्वतःच अति तापते आणि जळते. गीझरची कॉइल दर दोन उन्हाळ्यांनी का जाते, असे विचारणाऱ्यांनी तिच्यावरचे पांढरे कवच पाहावे. भांड्यातला थर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने निघतो. त्या वेळी बुडबुडे येतात तो पूर्वीचाच वायू, पुन्हा मोकळा झालेला. जुन्या काळी आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना आणि कापडगिरण्यांच्या बॉयलरांना याच थराची मोठी धास्ती असे, कारण तिथे तापलेला पत्रा फाटून माणसे दगावत. घरात तसे भय नाही.

मग हे पाणी पिऊन काय होते? जड पाण्याने मूतखडा होतो, हे वाक्य आपल्या जिल्ह्यात इतके ऐकू येते की त्यावर वाद घालणे कठीण. पण जागतिक आरोग्य संघटनेने या विषयाचा पुष्कळ विचार केला आहे आणि जडपणाने प्रकृतीला अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा तिला आढळला नाही. आरोग्यासाठी म्हणून जडपणाची मर्यादाही तिने घातलेली नाही. उलट, ३०० चा जडपणा सगळा कॅल्शियमचा असेल तर असे दोन लिटर पाणी पेलाभर दुधाइतके कॅल्शियम देते. मूतखड्याची मोठी कारणे म्हणजे घराण्यातली प्रवृत्ती, आणि आपल्याकडचा उन्हाळा. वैशाखात शेतात घाम गाळायचा आणि पाणी मात्र चव आवडत नाही म्हणून दोन तांबेच प्यायचे, यात खड्याला आमंत्रण आहे. मॅग्नेशियमचे सल्फेट जास्त असेल तर नव्या पाहुण्याला एक-दोन दिवस पोट ढिले होते, एवढे खरे. कातडीबद्दल इंग्लंडमध्ये इसबाच्या ३३६ मुलांवर एक चाचणी झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. काही घरांत पाणी हलके करणारे यंत्र बसवले होते, काहींत नाही. इसबात फरक दिसला नाही.

येथपर्यंत जडपणाचे तोटे सांगितले ते पैशाचे, जळणाचे आणि कष्टाचे. आता ज्या गोष्टीने खरोखर जीव जातो तिच्याकडे वळतो. खेड्यात पुष्कळदा असे होते की हातपंपाचे पाणी जड म्हणून बाया ते टाकून देतात आणि नाल्याकाठच्या उघड्या विहिरीचे आणतात. त्यात डाळ शिजते, साबण फेसाळतो, चवही बरी लागते. हलके आहे म्हणून ते चांगले समजतात. पण त्याच विहिरीवर कपडे धुतात, जनावरे पाजतात, आणि पहिल्या पावसात गावची घाण तिच्यात उतरते. पटकी, कावीळ, हगवण यांचे जंतू फेसाला अडवत नाहीत आणि डाळीलाही नाही. तेव्हा बादल्या दोन ठेवाव्यात. जड पण झाकलेल्या बोअरचे पाणी पिण्याला. उघड्या विहिरीचे हलके पाणी धुण्याला, आणि डाळीला वापरायचे तर ते शिजतेवेळी उकळतेच.

हीच गोष्ट नायट्रेटची. खताचा आणि उकिरड्याचा निचरा विहिरीत गेला की ते वाढते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला चव नाही, त्याचा थर बसत नाही, उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने तीव्र होते. तान्ह्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर बाळ निळे पडण्याचा धोका असतो. जडपणाचा बोभाटा होतो आणि नायट्रेट गुपचूप राहते, हे मला नेहमी काळजीचे वाटते.

शहरात हल्ली या सगळ्यांवर एकच उपाय सांगतात, तो आरओचे यंत्र. ते क्षार काढते यात शंका नाही. पण एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडते, आणि कामाचे कॅल्शियमही त्याच वाटेने जाते. ज्या घरी नळ दिवसाआड येतो तिथे ही उधळपट्टी आहे. क्षार किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर आहेत असे तपासणीत निघाले तर यंत्र जरूर घ्यावे, आणि मोरीत जाणारे पाणी फरशी धुवायला धरावे. नुसत्या भांड्यावरच्या पांढऱ्या डागांसाठी एवढा खर्च मला पटत नाही. हे पाणी तपासण्याची प्रयोगशाळा जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आहे, आणि गावातल्या जलसुरक्षकामार्फत नमुना तिथे पाठवता येतो.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग मात्र आजच सांगून ठेवतो. सारख्या मापाच्या पाच बाटल्या घ्या. एकीत पावसाचे किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारे निव्वळ पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत शाळेच्या बोअरचे, चौथीत गावविहिरीचे, आणि पाचवीत बोअरचेच पंधरा मिनिटे उकळून निवळलेले. उकळताना आटले असेल तेवढे निव्वळ पाणी घालून माप पुरे करावे. सगळ्यांत अर्धी बाटली पाणी, अर्धी मोकळी. साध्या साबणाचा कीस कोमट निव्वळ पाण्यात विरघळवून घ्या; पावडर किंवा शाम्पू चालणार नाही, त्याने सगळ्या बाटल्या सारख्याच फेसाळतील. ड्रॉपरने एकेक थेंब टाकायचा, बूच लावून हलवायचे, आणि पाच मिनिटे न मोडणारा फेस येईपर्यंत थेंब मोजायचे. तिसऱ्या आणि पाचव्या बाटलीच्या थेंबांतला फरक म्हणजे उकळून जाणारा जडपणा. पाचवीच्या थेंबांतून पहिलीचे वजा केले की उरतो तो कायमचा. हाच प्रयोग एकदा श्रावणात आणि एकदा चैत्रात करावा. नदी आटत आली की तिच्यात झऱ्यांचेच पाणी उरते, त्यामुळे नळाच्या बाटलीचे थेंब उन्हाळ्यात वाढलेले दिसण्याचा संभव आहे. किती वाढतात ते मुलांनी वहीत तारखेसह लिहून ठेवावे.